जुन्या गाडीच्या इंजिनावरचा गंज: आधी धातू ओळखा, मग हात लावा

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा), हेड ॲल्युमिनियमचं. तिच्याच काळातल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मात्र ब्लॉकपासून हेडपर्यंत सगळं बिडाचं. ॲम्बेसेडरचं हेड कॉस्टिकच्या टाकीत उकळून काढायची गॅरेजवाल्यांची जुनी रीत आहे आणि त्यातून ते स्वच्छ निघतं. पद्मिनीचं हेड त्याच टाकीत टाकलं तर पाणी फसफसायला लागतं, हायड्रोजन सुटतो आणि हेड काळं पडून, खाल्लं जाऊन बाहेर येतं. नवीन हेड आता सहज मिळत नाही.

जुन्या गाडीच्या कामाला नव्याने लागलेल्यांना मी हेच आधी सांगतो. दुकानात ‘गंज काढायचं लिक्विड’ मागू नका. इंजिनाच्या झाकणाखाली चार-पाच वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष असतं. खालचा क्रम पद्मिनी समोर ठेवून लिहिला आहे. जीप, हेराल्ड, बीटल असली तरी पद्धत तीच, फक्त धातू तपासून घ्या.

काय काय जवळ ठेवायचं

- लोहचुंबक, टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा
- पितळी ब्रश, नायलॉनचा ब्रश, जुने टूथब्रश. स्टीलचा तारेचा ब्रश फक्त लोखंडासाठी, तोही वेगळा ठेवलेला
- मिनरल टर्पेंटाइन (रॉकेल मिळत असेल तर ते), भांड्यांचा लिक्विड साबण
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल. किराणा दुकानातली पुडी महाग पडते, केमिकलच्या दुकानातून किलोने घ्या
- खायचा सोडा, धुण्याचा सोडा
- ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर
- नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना गॉगल, धुळीसाठी एन-९५ मास्क, थिनर आणि स्प्रेसाठी कार्बन फिल्टरचा मास्क
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि स्टीलची सरळ पट्टी
- झिप असलेल्या पिशव्या, मार्कर, गडद रंगाच्या चिंध्या

मुंबईत हत्यारं आणि पॉलिश पेपर नागदेवी स्ट्रीटला मिळतात, जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठेतून सुरुवात करा.

१. नंबर, फोटो आणि कागद

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग प्रत्येक बाजूने फोटो घ्या: कुठली नळी कुठे जाते, कुठल्या बोल्टखाली वॉशर आहे, थ्रॉटलचा रॉड कुठल्या छिद्रात आहे. हे तुम्हाला लक्षात राहणार नाही. कुणाच्याच राहत नाही.

त्यानंतर इंजिन नंबर शोधा. तो धातूत ठोकलेला असतो आणि पन्नास वर्षांच्या गंजाखाली अक्षरं अगदी उथळ झालेली असतात. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून त्यावरून दोनदा फिरवला की नंबर गेला. आरटीओत आरसी बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळला नाही तर ती गाडी चोरीची नाही हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. त्या जागेवर फक्त टर्पेंटाइन, टूथब्रश आणि बोट. नंबर दिसला की कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या, फोटो काढा, वर तेलाचा हात फिरवा आणि काम संपेपर्यंत तिथे मास्किंग टेप लावून ठेवा.

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्यात ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत ही त्यातली अट आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयाच्या झाल्या आहेत, तेव्हा मूळ भाग वाचवायला हे एक जास्तीचं कारण. आरसी, विम्याचा कागद, पेन्सिल प्रिंट आणि कामाआधीचे फोटो एकाच फायलीत ठेवा.

२. धातू ओळखा

लोहचुंबक घट्ट चिकटला तर लोखंड, पोलाद किंवा बीड. बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि भाग जड असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ब्लॉक यात येतात. पत्र्याचे ब्रॅकेट, पंख्याची पाती, ऑइल पॅन हे साधं पोलाद.

चुंबक चिकटला नाही, रंग राखाडी-पांढरा आणि वजन हलकं, तर ॲल्युमिनियम. रंग तसाच पण हातात जड लागतो आणि कडा नाजूक ओतलेल्या दिसतात, तर जस्ताचा मिश्रधातू. कार्बोरेटरची बॉडी बहुतेक वेळा याचीच असते, आणि माणसं तिला ॲल्युमिनियम समजून फसतात. पिवळं ते पितळ: जेट, नळ्यांची टोकं, जुन्या रेडिएटरच्या टाक्या.

फोक्सवॅगन बीटल असेल तर थांबा. तिच्या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका, लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. त्याचा ग्राइंडरने उडालेला बारीक चुरा पेट घेतो आणि ती आग पाण्याने विझत नाही, भडकते. अशा केसवर ग्राइंडर, आम्ल, ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून घासणं) यातलं काहीही घरी करू नका.

ओळख पटली की प्रत्येक भाग पिशवीत घालून वर मार्करने धातूचं नाव लिहा. संध्याकाळी थकल्यावर सगळेच राखाडी तुकडे सारखे दिसायला लागतात.

३. तेल-चिकटा आधी

गंजावर तेल आणि धुळीचा थर असेल तर कुठलंही आम्ल खाली पोचत नाही. टर्पेंटाइन लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, ब्रशने सोडवा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. जाड थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

इंजिन गाडीतच असेल तर कार्बोरेटरचं तोंड, प्लगची छिद्रं, तेल ओतायचं झाकण बंद करा. गडद रंगाच्या चिंध्या वापरा आणि त्या मोजून घाला, मोजून काढा. डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमोवर प्लास्टिक बांधा. प्रेशर वॉशर तर नकोच. तो पाणी जिथे कधीच जाणार नाही तिथे घालतो आणि दोन महिन्यांनी आतून गंज सुरू होतो.

दोन गोष्टींत हयगय करू नका. जुन्या एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही. पाण्याने भिजवून काढा, ओलं असतानाच पिशवीत बंद करा. दुसरं, क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत लावू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

४. लोखंड आणि बीड

लहान भागांसाठी सायट्रिक ॲसिडला मी पहिली पसंती देतो. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. भाग पूर्ण बुडायला हवा. अर्धा वर राहिला तर पाण्याच्या रेषेवर खोल चर पडतो. दर तासाला काढून ब्रश मारून बघा. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुना रात्रभर घेतो. त्याहून जास्त ठेवू नका, कारण गंज संपला की आम्ल धातूकडे वळतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, गरम पाण्याने धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. मुंबईच्या हवेत ओल्या नागड्या लोखंडावर अर्ध्या तासात नारिंगी छटा येते, म्हणून ड्रायर आणि तेलाचा फडका आधी तयार ठेवा, मगच भाग बाहेर काढा.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, हेडचे स्टड हे कडक पोलाद आहे. ते कुठल्याही आम्लात घालू नका. आम्लातून निघणारा हायड्रोजन त्यात शिरतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट इंजिन चालताना तुटतो. ते टर्पेंटाइन आणि पितळी ब्रशने पुसा. खड्डे पडलेले दिसले तर बदला.

मोठा, कानाकोपरे असलेला भाग असेल तर विजेची पद्धत चांगली. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या चार्जरची काळी वायर गंजलेल्या भागाला, लाल वायर भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. पट्टी गंजत जाते, भागावरचा गंज सुटत जातो, आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. नवे स्मार्ट चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना साधा चार्जर शोधा. लाल बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे काम उघड्यावर करा, आणि क्लिप हलवायच्या आधी चार्जर बंद करा. कडक पोलादाचा नियम इथेही लागू. आणि ॲल्युमिनियम किंवा जस्त या टबात अजिबात नाही.

टॉयलेट क्लीनरने गंज काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज निघतो हे खरं, पण क्लोराइड बिडाच्या छिद्रांत शिरून बसतं आणि गंज आणखी जोरात परततो. शिवाय त्याच्या वाफेने त्याच खोलीतले तुमचे स्पॅनरही गंजतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सोडवताना घाई केली की त्याचा कान तुटतो, बीड वाकत नाही. नटांना पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. नट हलला की अर्धा आटा मागे, पाव पुढे, असं करत आणा. तरीही अडला तर नट गॅसवर तापवायचा, पण आधी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर गाडीतून बाहेर.

जो गंज पूर्ण निघत नाही, तिथे टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर कामाला येतं. ते गंजाचं काळ्या, घट्ट थरात रूपांतर करतं. हिरड्याच्या पाण्यात पडलेला खिळा काळा पडतो तो याच रसायनाने. ब्रॅकेट आणि पत्र्यासाठी छान, पण पॅकिंग बसतं त्या जागेवर किंवा आट्यांवर नको.

५. ॲल्युमिनियम

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेही सफाईच्या नावाखाली.

ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं, मग पांढरी पावडर धरते आणि खाली बारीक खड्डे पडतात. आपलं काम पावडर आणि मीठ काढायचं आहे, सगळा थर घासून आरसा करायचा नाही. कारखान्यातून निघालेलं हेड किंवा मॅनिफोल्ड मंद, दाणेदार राखाडी होतं. बफिंग करून चमकवलेलं इंजिन मला तरी त्या गाडीचं वाटत नाही, आणि दाणेदार पोत एकदा गेला की परत येत नाही.

आधी साबण, कोमट पाणी, नायलॉन ब्रश. निम्मं काम यात होतं. उरलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, किंवा लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ब्रशने लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. गरज पडली तर पुन्हा. रात्रभर बुडवून ठेवायचं नाही.

न वापरायच्या गोष्टी: कॉस्टिक सोडा, ओव्हन क्लीनर, नाली साफ करायची पावडर. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणीही ॲल्युमिनियम काळं करतं. स्टीलचा तारेचा ब्रशही नको, त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पहिल्याच पावसात लाल ठिपके उमटतात. ‘ॲल्युमिनियम ब्राइटनर’ नावाच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलंय का ते वाचा. असेल तर दुकानातच ठेवून या. ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम बिघडवतं. त्यात जीव जाऊ शकतो.

हेड उतरवलं असेल तर ते उलटं करून पाण्याची भोकं बघा. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं, नाहीतर बोअरचं पाणी ओतलं गेलं. त्या पाण्याने भोकांच्या कडा खाल्लेल्या असतात. खड्डा पॅकिंगच्या धातूच्या कड्याखाली जात नसेल तर चालतं. जात असेल तर तिथे ॲल्युमिनियम वेल्डिंग करून हेड फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करावं लागेल. मग सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. खाली ०.०५ मिमीची फीलर पट्टी कुठे सहज सरकली तर हेड मशीन शॉपला दाखवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव कामाचे जाणकार आहेत, मुंबई-पुण्यातही जुने लेथवाले आहेत. ‘कमीत कमी काढा’ हे शब्द स्पष्ट सांगा. जास्त फेसिंग झालं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळेला काढायला धातू उरत नाही.

पॅकिंगचे अवशेष काढायला ग्राइंडरवरची घासणारी चकती लावायचा मोह होतो. ती जागा असमान करते, आणि तिची भुकटी तेलात मिसळून बेअरिंग खाऊन टाकते. लाकडी पट्टी, पॅकिंग रिमूव्हर आणि वेळ, एवढंच वापरा.

ब्लास्टिंग करायचंच असेल तर काचेचे मणी किंवा अक्रोडाच्या सालीची भुकटी, आणि फक्त बाहेरच्या, पूर्ण उघडता येणाऱ्या भागांवर. तेलाच्या वाटा असलेला भाग देऊ नका. चार मणी आत राहिले तरी बेअरिंगला पुरतात. वाळूच्या ब्लास्टिंगने धातू खरबडतो आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

६. कार्बोरेटर आणि पितळ

जस्ताच्या बॉडीला आम्ल दाखवायचं नाही, लिंबूसुद्धा नाही. कार्ब क्लीनर किंवा टर्पेंटाइन, नायलॉन ब्रश, हवेचा पाइप. पांढरं खरबड असेल तर पितळी ब्रश अगदी हळू. रबर आणि डायफ्राम आधी बाहेर काढा. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हवेने सुटत नसेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो.

कार्बोरेटर आतून पांढरा पडण्यात हल्लीच्या पेट्रोलचाही वाटा आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत, ते पाणी तळाला बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करा. डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घ्या.

पितळेला चिंच किंवा पितांबरी चालते, लगेच धुतलं की झालं. रेडिएटरच्या झाळलेल्या सांध्यांवर मात्र जोर नको.

७. नट-बोल्ट

साधे बोल्ट, वॉशर, क्लिपा सायट्रिकमधून काढून झिंक प्लेटिंगला द्या. कडक पोलादाचे बोल्ट देऊ नका. कारण वर सांगितलंय.

८. त्याच दिवशी झाका

स्वच्छ केलेला धातू रात्रभर उघडा ठेवायचा असेल तर तो दिवस सफाईचा नव्हेच. कामाचे तुकडे पाडा: जेवढं आज झाकता येईल तेवढंच आज घासा. जुलै-ऑगस्टमध्ये तर रंगाचं काम काढूच नका.

ब्लॉक आणि पत्र्याचे भाग: थिनरने पुसा, प्रायमर, त्यावर इंजिन एनॅमल. पातळ दोन हात जाड एका हातापेक्षा टिकतात. जोडाची घासलेली सपाट जागा, आटे, इंजिन नंबर टेपने झाका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: साधा रंग पहिल्या फेरीत जळून जातो. ६०० अंशांपर्यंतचा हीटप्रूफ रंग घ्या, बिडावर थेट मारा, साधा प्रायमर खाली नको. तो भाजल्याशिवाय पक्का होत नाही. डब्यावर दिलेल्या क्रमाने तापवा. साधारण रीत अशी: दहा मिनिटं इंजिन चालवा, पूर्ण थंड करा, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड. धूर येईल, म्हणून दारं उघडी.

ॲल्युमिनियम: रंगाशिवाय ठेवायचं असेल तर लॅनोलिनचा किंवा मेणाचा गंजरोधक स्प्रे, फडक्याने पातळ पसरून. उष्णतेने तो उडतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी परत. क्लिअर लॅकर मारू नका. त्याला तडा गेला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या रेषा सरपटत पसरतात, मग सगळं खरवडून काढावं लागतं.

घासलेल्या सपाट जागा आणि सुटे भाग: इंजिन ऑइलचा हात आणि व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळी. हा कागद औद्योगिक पॅकिंगवाल्यांकडे मिळतो. लोखंडाचा आणि सर्व धातूंचा असे वेगळे प्रकार असतात, विचारून घ्या. डब्ल्यूडी-फॉर्टी पाणी हटवायला उत्तम, पण महिनोन्‌महिने राखण करायला तो बनलेला नाही.

९. परत बसवताना

पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जिथे जिथे बसतात, तिथे ओल मिळाली की दोन धातूंमध्ये बारीक वीज वाहते आणि ॲल्युमिनियम झिजतं. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. मात्र ती लावल्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून हेडच्या नटांसाठी मॅन्युअलमध्ये तेल म्हटलंय की कोरडं, तेच पाळा.

रेडिएटरमध्ये डीमिनरलाइज्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचा कूलंट. तांब्या-पितळेचा झाळलेला जुना रेडिएटर असेल तर पारंपरिक हिरवा कूलंट घ्या, नवे ऑरगॅनिक प्रकार जुन्या झाळीला मानवतीलच असं नाही. दोन वर्षांनी बदला. आपल्याकडे थंडी नाही म्हणून कूलंट लागत नाही असं गॅरेजात अजूनही ऐकू येतं. हेडची भोकं खाल्ली गेली ती याच समजुतीने.

इंजिन सुरू करण्याआधी चिंध्या मोजा.

१०. पहिला पावसाळा

मे संपायच्या आत तेल बदला. जुन्या तेलात आम्ल आणि पाणी जमलेलं असतं आणि ते चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, खाली घाम धरतो. सुती कव्हर आणि वर शेड बरी. गाडी दर पंधरवड्याला बाहेर काढा आणि अर्धा तास तरी खरोखर चालवा. जागेवर पाच मिनिटं चालवून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि इंजिन पुरतं तापतही नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठून फिरून आलात तर घरी आल्यावर, इंजिन थंड झालं की ओल्या फडक्याने ॲल्युमिनियमचे भाग पुसा, कोरडे करा, स्प्रेचा हात फिरवा.

सप्टेंबरात झाकण उघडून टॉर्च मारा. पांढरी पावडर सगळ्यात आधी पाण्याच्या नळ्यांच्या क्लिपांखाली आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या कडेला दिसते. तिथे दिसली तर क्लिप सोडवून नळीचं टोक बघा. बहुतेक वेळा कूलंट झिरपत असतं, आणि आधी ते थांबवायचं असतं.